पाहुण्याचें घर

आमच्या जुन्या घरीं पाहुण्यांचा राबता फार. ओटीवर कोणाची तरी वळकटी पडलेली नाहीं असा दिवस क्वचितच उजाडे. या सर्व पाहुण्यांचे आमच्या आत्यानें दोन वर्ग पाडले होते: एक 'हलके' व दुसरे 'जड'. ही विभागणी त्यांच्या देहावरून किंवा प्रतिष्ठेवरून केलेली नसे. ज्याच्या येण्यानें देवपूजेची वेळ बदले, मुलांचीं अंथरुणें माजघरांत हलत आणि विहिरीवरच्या पाळ्या चुकत, तो जड. उलट, जो घरच्या वेळा पाहून उठे, आपला तांब्या आपण घांसून ठेवी आणि जो गेल्यावर घरांत कांहींच इकडचें तिकडे झालेलें दिसत नसे, तो हलका. लहानपणीं आम्हांला या वर्गीकरणाचें हसूं येई. माझ्या धंद्यांतली सर्वांत मोठी चूक पुढें मला याच शब्दांत उमजेल, असें त्या वेळीं स्वप्नांतहि आलें नव्हतें.

मी धंद्यानें वास्तुशिल्पी आहें. १९९८ सालीं कोंकणांतील एका खाडीच्या कांठीं, पक्षी पाहावयास येणाऱ्या मंडळींसाठीं मनोरा बांधण्याचें काम माझ्याकडे आलें. खाडीचें नांव येथें सांगत नाहीं. चूक माझी होती, खाडीची नव्हे. तिच्या मुखाशीं वाळूचा एक लहानसा दांडा होता. ओहोटीच्या वेळीं चिखलाच्या मैदानांत चोंच खुपसून किडे वेंचणारे तुतवार, चिखले, शेकाटे असे शेंकडों पक्षी, भरतीचें पाणी चढूं लागलें कीं त्या दांड्यावर येऊन एका पायावर उभे राहत आणि पाणी उतरण्याची वाट पाहत. या दांड्याच्या अगदीं समोर मीं तीस फूट उंचीचा जांभ्या दगडाचा मनोरा उभा केला. वर प्रशस्त गच्ची, तिला पांढरा शुभ्र कठडा, चढावयास रुंद पायऱ्या आणि खालीं चहा-फराळाची सोय. उद्घाटनाच्या दिवशीं लोकांनीं फार स्तुति केली. एका वर्तमानपत्रांत छायाचित्रहि आलें. त्या छायाचित्रांत मनोरा उत्तम दिसत होता. पक्षी मात्र त्यांत एकहि नव्हता.

तिसऱ्या हिवाळ्यांत तो दांडा ओस पडला. कारण समजावयास मला फार विद्वत्तेची गरज नव्हती. गच्चीवर उभा राहिलेला माणूस आकाशाच्या पार्श्वभूमीवर कोरून काढल्यासारखा दिसे. त्यानें हात वर केला कीं सगळा थवा उडे, घिरट्या घाली, पुन्हा बसे, आणि दुसरें कुटुंब वर आलें कीं पुन्हा उडे. एका भरतीला असें चार-पांच वेळां होई. आपल्याला तो थवा उडतांना पाहून मौज वाटते, पण यांतले कित्येक पक्षी उन्हाळ्याच्या आरंभीं मध्य आशिया व सायबेरिया येथवरच्या प्रवासास निघतात. अंगांत सांठविलेली चरबी हीच त्या प्रवासाची शिदोरी, आणि प्रत्येक निष्कारण उड्डाणानें ती थोडी थोडी सरते. मीं पक्षी दाखविण्यासाठीं घर बांधलें आणि त्या घरानेंच पक्षी घालविले. आत्याला ही हकीकत सांगितली, तेव्हां तिनें निरांजनाची वात वळतां वळतां एवढेंच म्हटलें, "जड पाहुणा झालास म्हणायचा."

यानंतर बावीस वर्षांनीं, २०२० सालीं, दुसऱ्या एका खाडीच्या कांदळवनांत लोकांना जाण्यायेण्यासाठीं पायवाट व बसावयास जागा करून द्यावी, असें पत्र मला आलें. पहिला विचार नकार देण्याचाच होता. कांदळवनांना आतां पूर्वीपेक्षां पुष्कळच संरक्षण लाभलें आहे. समुद्रकिनाऱ्याच्या रक्षणासाठीं १९९१ सालीं निघालेल्या अधिसूचनेपासून त्याचा प्रारंभ झाला. २०१८ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचाच भंग ठरविला व वनाभोंवतींचा ५० मीटरांचा पट्टाहि राखावयास सांगितला. २०१९ च्या नव्या अधिसूचनेप्रमाणें मात्र, मंजूर झालेल्या आराखड्यांत नेमून दिलेल्या जागीं, निसर्ग पाहण्यासाठीं पायवाटेसारखी सोय करतां येते. म्हणजे कायद्याची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती त्या पांढऱ्या कठड्याच्या आठवणीची.

हा प्रश्न आमच्या घरीं पंगतीला निघाला. माझा पुतण्या प्राणिशास्त्राचा विद्यार्थी. तो म्हणाला, "काका, तुम्ही कितीहि हलकें बांधा, माणसें जड ती जडच. तिकडे कोणीं जाऊंच नये, हें उत्तम." त्यावर त्याच्या आईनें, म्हणजे माझ्या वहिनीनें, वाढतां वाढतांच त्याला अडविलें. ती पस्तीस वर्षें शाळेंत शिकवून निवृत्त झालेली. ती म्हणाली, "भाऊजी, कांदळ म्हणजे घाण वास, डांस आणि भराव घालून सपाट करावयाची जागा, असेंच आम्हीं लहानपणापासून ऐकलें. माझ्या वर्गांतल्या एकाहि मुलानें तें वन आंतून पाहिलें नव्हतें. जें पाहिलें नाहीं त्याच्यासाठीं उद्यां भांडणार कोण?" दोघांचेंहि म्हणणें खरें होतें, आणि दोन खऱ्या गोष्टींच्या मधोमध उभें राहून रेघ ओढणें हाच वास्तुशिल्पाचा धंदा आहे. मीं होकार कळविला. पण यापूर्वीं इतरांनीं काय केलें आहे तें पाहिल्यावांचून पेन्सिल हातीं धरावयाची नाहीं, असा निश्चयहि केला.

प्रथम गोव्यास गेलों. रायबंदराहून फेरीबोटीनें मांडवी ओलांडली कीं चोडण बेट लागतें. तेथील डॉ. सलीम अली पक्षी-अभयारण्य १९८८ सालीं, म्हणजे त्या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच वर्षीं, जाहीर झालें. क्षेत्र अवघें १.७८ चौरस किलोमीटर. बहुतेक सगळें कांदळवनच. दोन्ही बाजूंनीं झाडें अंगावर आलेल्या एका अरुंद वाटेनें आंत जातां येतें. त्या अरुंदपणाचा गुण मला तेथेंच कळला. चौघे एकापाठोपाठ एक चालूं लागले कीं बोलणें आपोआप मंदावतें. पण त्या बेटावर याहूनहि मोठा धडा मिळाला तो खाजण शेतीचे बांध पाहून. गोव्याच्या शेतकऱ्यांनीं खाडीचें पाणी अडविलें, परंतु तिच्याशीं वैर धरलें नाहीं. त्यांच्या बांधांत 'मानस' नांवाचीं लांकडी दारें असतात. भरती चढली कीं तिच्याच दाबानें दार मिटतें. ओहोटी लागली कीं आंतल्या पाण्याच्या दाबानें तें उघडतें. मीं नकाशांत कधींहि न काढलेला एक गडी, म्हणजे चंद्र, तेथें शतकानुशतकें बिनपगारी राबत आहे!

पुढें ठाण्याच्या खाडीकडे गेलों. हें रोहित पक्ष्यांचें अभयारण्य २०१५ सालीं जाहीर झालें व २०२२ सालीं त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला. इराणांतील रामसर या गांवीं १९७१ सालीं पाणथळ जागांविषयीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून हें नांव पडलें आहे. ऐरोलीहून भरतीच्या वेळीं नावेंतून रोहित पाहावयास नेतात. नांव पुढें जाते, पाणी मिटतें, मागें कांहीं उरत नाहीं. पाहुण्याचें याहून हलकें घर दुसरें कोणतें? हाँगकाँगमधील माय पो या दलदलीच्या प्रदेशांतील रचनेचाहि मीं अभ्यास केला. तेथें कांदळवनांतून जाणारी फळ्यांची वाट तरंगती आहे. भरतीबरोबर ती वर उचलली जाते, ओहोटीबरोबर खालीं उतरते, आणि तिच्या शेंवटीं लहान फटींतून पक्षी पाहावयाच्या खोल्या आहेत. तेथें येणाऱ्यांची संख्याहि परवान्यानें मर्यादित ठेवलेली आहे.

इतकें सारें पाहून मीं आमच्या खाडीचा नकाशा काढला. चारशे मीटर लांबीची वाट, मध्यें दोन ठिकाणीं विसांव्याच्या जागा आणि शेंवटीं आडोशाची एक खोली. आपण फार संयम राखला, अशी माझी समजूत होती. तो नकाशा घेऊन मी त्या गांवच्या एका वृद्ध तांडेलाकडे गेलों. त्यानें कागद उलटा धरला कीं सुलटा याची मला चिंता, पण त्यानें नुसतें बोट ठेवून विचारलें, "या फळ्या चिखलापासून किती वर?" मीं सांगितलें, "वरच्या बाजूस कमरेइतक्या, पुढें थोड्या अधिक." तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आमच्या बायका ओहोटीला इथूनच डोक्यावर पाट्या घेऊन तिसऱ्या काढायला जातात. त्यांनीं जायचें कुठून? कामाला जाणाऱ्यानें पाहायला येणाऱ्यापुढें वांकायचें काय?"

मला उत्तर सुचलें नाहीं. पक्ष्यांचा, झाडांचा, चिखलांतल्या खेंकड्यांचाहि विचार मीं केला होता. पण ज्यांच्या रोजच्या भाकरीची वाट त्या चिखलांतून जात होती, त्या बायका माझ्या नकाशांत कोठेंच नव्हत्या. पहिल्या मनोऱ्याच्या वेळीं मी पक्ष्यांच्या घरांत जड पाहुणा झालों होतों. या वेळीं माणसांच्या घरांत होणार होतों. मीं त्याच्या ओटीवर बसूनच तो कागद मधोमध दुमडला. चारशे मीटरांची वाट एकशेंदहा मीटरांवर आली आणि बायकांच्या वाटेच्या अलीकडेच थांबली. त्यामुळें खाडीचें सर्वांत रम्य वळण पाहुण्यांना दिसत नाहीं, ही गोष्ट खरी. तें वळण पाहण्याचा हक्क तिसऱ्या काढणाऱ्या बायकांपाशींच राहिला आहे.

आतां थोडें बांधणीविषयीं. कांदळवनांतला चिखल वरून थंडगार व मऊ दिसतो, पण बोटभर खालींच तो काळा असतो आणि त्यांत प्राणवायूचा लवलेश नसतो. म्हणून तिवराचीं झाडें आपलीं श्वसनमुळें पेन्सिलींच्या टोंकांप्रमाणें चिखलाबाहेर उभीं करून श्वास घेतात. मजुरांच्या पायांनीं तीं तुडविलीं गेलीं किंवा त्यांवर मातीचा थर बसला, कीं झाड गुदमरतें. कांदळाची गोष्ट आणखी निराळी. त्याचें बीज झाडावरच रुजतें आणि लांब शेंगेसारखें खालीं पडून चिखलांत उभें राहतें. त्याला वाढावयास ऊन हवें. म्हणून आमची वाट अवघी चार फूट रुंद ठेविली, दोन फळ्यांमध्यें बोटभर फट सोडली आणि उधाणाचें पाणीहि फळ्यांखालूनच जाईल इतकी उंची धरली. वाट सरळ नाहीं. जेथें मोठें झाड आलें तेथें ती वळली. झाड कोठेंहि तोडलें नाहीं.

खांबांचा प्रश्न अधिक अवघड होता. घणानें खांब ठोकले कीं हादरे बसतात. कॉंक्रीट ओतावें तर ओल्या सिमेंटचें पाणी खाडींत जातें. शेंवटीं मळसूत्री खांब घेतले. खालच्या टोंकाशीं मळसूत्राचें पातें असलेला हा लोखंडी खांब बुचांत फिरकी फिरवावी तसा चिखलांत फिरवीत उतरवितां येतो आणि पुढें कधीं काढावयाचा झाल्यास उलटा फिरवून काढतांहि येतो. याची कल्पना अलेक्झांडर मिचेल या आयरिश इंजिनियराची. तिचें पेटंट त्यानें १८३३ सालीं घेतलें. हा गृहस्थ अंध होता. मुंबई-बडोदें रेल्वेचे आरंभींचे कित्येक पूल अशाच खांबांवर उभारले गेले. नदीच्या तळाचा स्वभाव एका अंध माणसानें ओळखावा आणि आम्हीं डोळसांनीं मनोरे बांधावे, हा विचार मला काम चालू असतां पुष्कळ वेळां येई. खांब दूर दूर ठेविले, कारण जवळजवळच्या खांबांनीं पाण्याची गति बदलते. एके ठिकाणीं माती खरवडली जाते, दुसरीकडे गाळ सांचतो. पहिल्या दोन खांबांवर फळ्या बसवून त्यांवर उभें राहूनच पुढचे दोन खांब उतरविले. असें करीत वाट स्वतःच्या पाठीवरून स्वतः पुढें गेली. चिखलांत यंत्र उतरलें नाहीं.

फळ्यांच्या बाबतींत निर्दोष असें कांहीं सांपडलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. साधें लांकूड खाऱ्या पाण्यांतले किडे पोंखरून टाकतात. तें टिकावें म्हणून तांबें, क्रोमियम व आर्सेनिक यांचीं संयुगें मुरवितात. पण तीं हळूहळू पाझरून चिखलांत उतरतात. प्लास्टिकच्या फळ्या कुजत नाहींत, पण त्यांचा भुसा पाण्यांत गेला तर तो कायमचाच गेला. आम्हीं सागाच्या जुन्या वाशांच्या फळ्या वापरल्या. त्या भरतीच्या पाण्याच्या वर असल्यामुळें किड्यांपासून बऱ्याच वांचतात. कुजेल ती फळी तेवढी बदलावयाची. सगळी कापाकापी गांवांत केली. शौचकूप व बसावयाची जागा यांसाठीं नवें बांधकाम न करतां रस्त्यालगतची एक पडीक खोली दुरुस्त करून घेतली. वाटेच्या टोंकाची आडोशाची खोली बुटकी, झाडांच्या शेंड्यांच्या खालीं राहणारी आहे. तिला कांच नाहीं, दिवा नाहीं. समोर दोन फटी आहेत. एक बसलेल्या माणसाच्या डोळ्यांशीं, दुसरी मुलांच्या व चाकाच्या खुर्चींतून येणाऱ्यांच्या डोळ्यांशीं. दार मागच्या बाजूस, तेंहि वळण घेऊन, म्हणजे आंत येणाऱ्याची आकृति उजेडांत उमटत नाहीं. एका वेळीं वीस माणसांहून अधिक आंत सोडीत नाहींत.

काम पुरें झालें, तेव्हां एक गंमतीचा पेंच उभा राहिला. कोनशिला बसवावयाची कोठें? समारंभास आलेल्या मंडळींनीं चहूंकडे पाहिलें. भिंत नाहीं, कमान नाहीं, चौथरा नाहीं. एका प्रतिष्ठित गृहस्थांनीं माझ्याकडे पाहून सौम्यपणें विचारलें, "मग आपण बांधलें तरी काय?" त्यांचा प्रश्न मला आंतून लागला, हें लपवीत नाहीं. आपलें काम दिसावें ही हांव वय वाढलें तरी सुटत नाहीं. कोनशिला अखेर त्या पडीक खोलीला बसविली.

गेल्या माघांत आत्याला तेथें घेऊन गेलों. तिचें वय आतां चौऱ्यांशीं. भरतीची वेळ मी फोनवर शोधूं लागलों, तों तिनें विचारलें, "आज तिथि कोणती? वद्य तृतीया ना? तिनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला पाणी भरेल." तिचें माहेर खाडीकांठचें, तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची साधारण वेळ निघते, हें गणित ती बालपणींच शिकली होती. आम्हीं दीडलाच जाऊन आंत बसलों. पाणी चढूं लागलें. थोड्या वेळानें समोरच्या उंचवट्यावर पांच-सहा तुतवार उतरले, मग वीस-पंचवीस, मग मला मोजतां येईनात. एक खंड्या तर आमच्या फटीपासून हातभर अंतरावर येऊन बसला. आत्या अर्धा तास एक शब्दहि बोलली नाहीं. माझ्या डोळ्यांपुढें मात्र तो दुसरा, ओस पडलेला दांडा होता. तेथील मनोऱ्याची गच्ची बंद करवून मला आतां सहा वर्षें झालीं. दर हिवाळ्यांत मी तेथें जाऊन येतों. पक्षी अद्याप परतलेले नाहींत.

परत येतांना तिनें काठीनें एक फळी हलकेच ठोकून पाहिली आणि विचारलें, "हें सगळें किती दिवस राहणार आहे रे?"

मीं म्हटलें, "पंचवीस वर्षें धरलीं आहेत. सगळें नटबोल्टांवर आहे. नको झालें तर पंधरवड्यांत उचलून नेतां येईल आणि दोन पावसाळ्यांत चिखल आपला पूर्ववत् होईल."

"मग बरें," ती म्हणाली. "जाण्याचा दिवस ठाऊक असलेला पाहुणा जड होत नाहीं."